कुंपणाचा खांब आणि जमिनीची पकड

कुंपण घालावयाचे ठरले म्हणजे बहुतेक गृहस्थ प्रथम बाजार गाठतात, तारेचा गेज किती, जाळी किती फुटी, अँगल कोणत्या जाडीचा, याची बारकाईने चौकशी करतात, दोन-चार दुकानांतील भाव पडताळून पाहतात, आणि सर्व सामान शेतावर येऊन पडल्यानंतर खांब रोवण्याचे काम मात्र रोजंदारीवर मिळतील त्या दोन माणसांच्या स्वाधीन करून स्वतः सावलीला बसतात. परिणाम असा होतो की, ज्या तारेविषयी एवढी चिकित्सा झाली ती तार वर्षानुवर्षे शाबूत राहते, पण तिला धरून ठेवणारा खांब दुसऱ्या पावसाळ्यातच मान टाकतो. रस्त्याने जाता-येता पडलेली कुंपणे जरा थांबून पाहण्याची ज्यांना सवय असेल, त्यांच्या हे ध्यानात आले असेल की, तार तुटल्यामुळे निकामी झालेले कुंपण विरळा; कुंपण पडते ते बहुधा खांब कलल्यामुळे, आणि कलण्यास सुरुवात होते ती बहुधा कोपऱ्यापासून. म्हणून प्रस्तुत लेखात तारेविषयी जवळजवळ काहीच न सांगता, खांब जमिनीत कसा रोवावा, कोणत्या जमिनीत कोणती तजवीज करावी, आणि सिमेंटवर भिस्त कोठे ठेवावी व कोठे ठेवू नये, एवढ्याच बाबींचा विचार करण्याचे योजिले आहे.

पहिली पहार मारण्यापूर्वी हद्दीचा प्रश्न मिटलेला असला पाहिजे. सातबाराच्या उताऱ्यावर क्षेत्र लिहिलेले असते, हद्द काढलेली नसते. आणि शेजाऱ्याशी आज कितीही सलोखा असला तरी पक्के खांब उभे राहिले की जुन्या तकरारी नव्याने उकरल्या जातात, यास्तव भूमी अभिलेख कार्यालयाकडे रीतसर अर्ज करून हद्द कायम मोजणी करून घ्यावी, मोजणीदाराने दाखविलेल्या खुणा शेजाऱ्यासमक्ष पक्क्या कराव्यात, आणि खांबांची रांग हद्दीवर न धरता आपल्या बाजूस हातभर आत धरावी. हद्दीचे जुने दगड आड येतात म्हणून उपटून बाजूला ठेवण्याचा मोह मजुरांना होतो. तो कटाक्षाने आवरावा, कारण त्या खुणांचे जतन करण्याची जबाबदारी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये जमीनधारकावर आहे आणि त्यांची नासधूस हा दंडनीय प्रकार आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून मुंबई इलाख्याची जी पाहणी गेल्या शतकाच्या आदल्या शतकात आरंभिली, तीत मोजणीची साखळी ३३ फुटांची असे व तिचे १६ आणे पाडलेले असत. आपला गुंठा ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद आहे तो या साखळीमुळे. हा हिशेब कुंपण घालणाऱ्यासही सोयीचा पडतो. दोन खांबांमध्ये ११ फूट अंतर ठेवले तर एका साखळीत तीन गाळे बसतात, सव्वाआठ फूट ठेवले तर चार. गुराढोरांचा उपद्रव असेल तेथे चार गाळेच घ्यावेत असे माझे मत आहे. नुसती मालकी दर्शवावयाची असेल तर तीन पुरेत.

कामाला ऋतू कोणता निवडावा, याबद्दल आपल्याकडे फारसा विचार होत नाही. शेतकऱ्याला सवड उन्हाळ्यात असते, म्हणून खांब वैशाखात रोवले जातात, जेव्हा माती ढेकळांच्या रूपाने खड्ड्याबाहेर येते आणि ढेकळांच्याच रूपाने परत आत जाते. ढेकळांमधील पोकळी कितीही ठोकले तरी पुरती मिटत नाही, आणि मृगाचे पाणी पडताच ती सर्व भर एकदम खाली बसून खांब सैल होतो. उलट भर पावसाळ्यात माती चिखल होते, आणि चिखल ठोकला तर तो बाजूला सरतो, दबत नाही. नांगराला जसा वापसा लागतो तसाच तो खांबालाही लागतो. दसऱ्यानंतर, परतीचा पाऊस थांबून रान वापशावर आले म्हणजे, मूठभर माती घट्ट आवळून पाहावी. तिचा मुटका बांधला गेला, पण बोटाने दाबताच तो फुटला आणि हाताला चिखल लागला नाही, तर तीच खांब रोवण्याची उत्तम वेळ समजावी. मुरमाड किंवा खडकाळ रानात मात्र ऋतूचे एवढे बंधन नाही.

खांब जमिनीत उभा राहतो तो कशाच्या बळावर, हे एकदा समजून घेतले म्हणजे पुढील पुष्कळशा सूचना वाचकांना स्वतःच सुचतील. ताणलेली तार, किंवा अंग घासणारी म्हैस, खांबाचा माथा ज्या बाजूस ओढते वा रेटते त्या बाजूची पृष्ठभागाजवळील माती त्याला अडवून धरते. परंतु खांब तेवढ्याने थांबत नाही, तो जमिनीत काही खोलीवर असलेल्या एका बिंदूभोवती फिरू पाहतो, आणि त्यामुळे त्याचा तळ विरुद्ध बाजूस सरकू लागतो, जेथे तळाची माती त्याला उलट दिशेने अडवते. म्हणजे खांबाचा खरा आधार दोन ठिकाणी असतो: ओढीच्या बाजूस वरच्या फूटभर मातीत, आणि ओढीच्या विरुद्ध बाजूस अगदी तळाशी. मधल्या भरीचे महत्त्व त्या मानाने कमी. खड्डा अधिक खोल गेला की ही दोन ठिकाणे एकमेकांपासून लांब जातात, शिवाय खालची माती अधिक दबलेली व म्हणून अधिक बळकट असते, त्यामुळे खोली दीडपट केली असता पकड केवळ दीडपट न होता कितीतरी अधिक वाढते. एकूण लांबीचा तिसरा हिस्सा जमिनीत असावा हा जुना ठोकताळा याच अनुभवावर उभा आहे. सात फुटी खांब सव्वादोन फूट गाडावा. कोपऱ्याचा खांब मुळातच आठ-नऊ फुटी घ्यावा व तीन ते साडेतीन फूट गाडावा. खड्ड्यात दगड लागला म्हणून खांबाचे बूड छाटणारे मजूर सर्वत्र आढळतात, त्यांच्यावर नजर ठेवावी. वरून सर्व खांब एका उंचीचे दिसतात, आणि कोणता आखूड आहे ते पुढे वावटळ सांगते.

खड्डा खांबाच्या जाडीच्या दुपटीपेक्षा किंवा फार तर तिपटीपेक्षा रुंद असू नये. न खणलेली भुई जितकी घट्ट असते तितकी घट्ट भर माणसाच्या हातून क्वचितच होते. म्हणून ती शक्य तेवढी कमी दुखवावी. अडचण अशी येते की, कुदळ-फावड्याने खणणाऱ्याला अरुंद खड्ड्यात खोल जाता येत नाही, आणि तो नकळत वर रुंद व खाली निमुळता असा खड्डा पाडतो, जो सर्व आकारांत वाईट. यावर उपाय एवढाच की, फूटभर खोलीनंतर कुदळ बाजूस ठेवून पहारेने माती सुटी करावी आणि ती करवंटीने किंवा पत्र्याच्या डब्याने उपसावी. काम सावकाश होते, पण भिंती उभ्या राहतात. हल्ली खड्डे पाडण्याचे पेट्रोलवर चालणारे यंत्र भाड्याने मिळते व ते मुरमाड रानात चांगले काम देते. चिकण मातीत मात्र त्याच्या पात्याने खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत होतात, भर त्यांना धरत नाही, आणि भिंतीच्या कडेने पाणी खाली उतरते, म्हणून यंत्राने पाडलेल्या खड्ड्याच्या भिंती पहारेच्या टोकाने ओरबाडून घ्याव्यात. तळाशी चार बोटे जाड मुरूम किंवा खडी घालून ठोकली म्हणजे लाकडी खांबाचे बूड पाण्यात बुडून राहत नाही.

आता रांग. प्रथम कोपऱ्यांचे खांब उभे करून पक्के करावेत, मग त्यांच्या बाहेरच्या अंगाने सुतळी ताणावी, आणि मधले खांब त्या सुतळीला न टेकवता तिच्यापासून एक बोट आत ठेवावेत. खांब टेकवले की प्रत्येक खांब सुतळीला तसूभर ढकलतो आणि शेवटी सरळ वाटणारी रांग पोटात बाहेर आलेली असते. ओळंबा लागून असलेल्या दोन अंगांना लावून पाहावा, एकाच अंगाला लावून समाधान मानू नये.

यानंतर जे काम उरते तेच या सर्व प्रकरणाचा गाभा आहे, आणि त्याचीच सर्वांत अधिक हयगय होते. खड्ड्यात खांब ठेवून, सभोवार माती लोटून, वरून पायाने दाबून पुढच्या खड्ड्याकडे जाणे यास रोवणे म्हणत नाहीत. भर घालावयाची ती एका वेळी चार ते सहा बोटांपेक्षा अधिक नाही. तेवढी घातली की पहारेच्या बोथट बुडाने खांबाभोवती फिरत फिरत ती ठोकावी, आणि ठोक्याचा आवाज भद्द येण्याचे थांबून टणक येऊ लागेपर्यंत दुसरा थर टाकू नये. येथे रुंद धुम्मस उपयोगी पडत नाही, कारण खांब आणि भिंत यांच्यामधील अरुंद जागेत ती उतरत नाही, आणि उतरली तरी तिचा मार पसरून वरच्या वर विरतो. ठोकण्याचे टोक दोन-तीन इंचांचेच हवे. दोन माणसे असतील तर एकाने भर टाकावी व दुसऱ्याने ठोकावे, आणि टाकणाऱ्याला ठोकणाऱ्यासाठी थांबावे लागले पाहिजे. ठोकणारा रिकामा उभा असेल तर काम बिघडत आहे असे खुशाल समजावे. पहिले दोन थर आणि शेवटचे दोन थर यांवर दुप्पट श्रम करावेत, याचे कारण वर आलेच आहे. मधून मधून खांब हाताने हलवून पाहावा, सैल वाटल्यास पुन्हा ठोकावे, पुन्हा हलवावा. आपल्या भाष्यकारांना ही क्रिया चांगली परिचयाची होती. सिद्धान्तावर आक्षेप घेऊन तो पुनःपुन्हा हलवून पाहावा म्हणजे तो अधिकच दृढ होतो, या युक्तिवादाच्या रीतीला त्यांनी स्थूणानिखननन्याय असे नावच देऊन ठेवले आहे, आणि ज्या कोणा आचार्याला तो प्रथम सुचला त्याने मांडवाचे खांब रोवताना बारकाईने पाहिले असले पाहिजेत यात मला शंका नाही. काम मनासारखे झाल्याची एक साधी खूण आहे: खांबाने खड्ड्यातील बरीच जागा व्यापलेली असूनही, साधारण जमिनीत खणून काढलेली माती सगळी परत आत जाते, क्वचित थोडी कमीही पडते. खड्ड्याजवळ ढीग शिल्लक राहिला तर भर पोकळ आहे.

जमिनीचे प्रकार अनेक असले तरी महाराष्ट्रात खांब रोवणाऱ्याची खरी परीक्षा काळ्या जमिनीत होते. बेसॉल्टच्या झिजेपासून बनलेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट गटातील खनिजे असतात. ती पाणी पिऊन फुगतात आणि वाळली की आकसतात, ज्यामुळे उन्हाळ्यात काठी आत जाईल एवढ्या भेगा पडतात व पावसाळ्यात त्याच रानात पाय रुततो. खांबाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, चैत्र-वैशाखात माती त्याच्यापासून दूर सरते आणि भोवती फट पडते, त्या फटीत वाऱ्याने कोरडी माती भरते, पहिल्या वळवाचे पाणी त्याच वाटेने थेट बुडापर्यंत जाते, आणि मग फुगलेली माती खांबाला वर व बाजूस रेटते. हे चक्र दरवर्षी चालते, आणि त्यात दोष मजुरांचा नसतो. इमारतीच्या पायालाही हाच उपद्रव होतो, म्हणून रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी बुडाशी फुगीर केलेल्या काँक्रीटच्या खुंट्यांची पद्धत पुढे आणली. त्या साधारणतः साडेतीन मीटर खोल नेतात, कारण ऋतुमानाप्रमाणे ओल कमी-जास्त होण्याची क्रिया तेवढ्या खोलीपर्यंत पोहोचते. कुंपणासाठी कोणी साडेतीन मीटर खणणार नाही. म्हणून काळ्या जमिनीत खांब कधीच हलणार नाही ही अपेक्षाच सोडून द्यावी, आणि तो कमी हलावा व हललेला सहज नीट करता यावा अशी व्यवस्था करावी.

त्यातही जर तीन-चार फुटांवर मुरूम लागत असेल, जसा तो माळाकडच्या रानांत बहुधा लागतो, तर थोडा अधिक खर्च सोसून लांब खांब घ्यावेत आणि त्यांचे बूड मुरमात हात-दीड हात बसवावे; हा उपाय सर्वांत चांगला. काळी खोल असेल तर खड्डा तळाशी वरपेक्षा चार बोटे रुंद करावा, आणि निघालेली काळी माती परत न घालता बाहेरून आणलेल्या मुरमाने तो भरावा, कारण मुरूम ओलीने फुगत नाही व उन्हाने आकसत नाही. मात्र एक धोका लक्षात असू द्यावा: काळ्या मातीतील मुरमाने भरलेला खड्डा म्हणजे पाणी साठण्याची आयती जागा, आणि ते आत मुरू दिल्यास सगळा खटाटोप उलटतो. तेव्हा वरचे सहा इंच पुन्हा काळ्या मातीनेच भरून, घट्ट ठोकून, खांबाभोवती बाहेर उतरता असा ओटा करावा. काँक्रीट घातले असेल तर त्याचा माथा छत्रीसारखा रुंद पसरू देऊ नये; त्याखालची माती फुगली की ती त्या कडेला धरूनच सबंध खांब उचलते.

कोकणात प्रश्न निराळा. तेथे सड्यावर वीतभर मातीखाली जांभा लागतो, खणणे जिकिरीचे असते, पण एकदा पहार व छिन्नीने दीड-दोन फूट भोक पडले आणि त्यात खांब उभा करून दगडाच्या कपऱ्या ठोकून बसवल्या की तो सहसा हलत नाही. जेथे खणताना चिरे व गोटेच निघतात तेथे खांबांचा हट्ट सोडून गडगा घालावा. तो स्वस्त पडतो. आणि परसाभोवती, जेथे तार फार ताणावयाची नसते, तेथे पांगारा, भेंड किंवा उंदीरमारी यांचे मनगटाएवढे खुंट पहिल्या पावसाबरोबर साल न सोलता रोवण्याची जी जुनी वहिवाट आहे तिला तोड नाही, कारण मुळे धरलेल्या खांबाला वाळवी त्रास देत नाही आणि त्याची पकड वर्षागणिक वाढते. एवढेच की पहिले वर्षभर त्यांवर तारेचा भार टाकू नये.

सिमेंट घातले की शाश्वती आली, ही समजूत अलीकडे इतकी रूढ झाली आहे की, तिच्याविरुद्ध बोलणारा कंजूष ठरतो. काँक्रीट खांबाला जमिनीशी चिकटवीत नाही. ते फक्त खांबाचे बूड मोठे करते, आणि त्या मोठ्या बुडाला शेवटी मातीच आधार देते. लोखंडी अँगल मुळात इतका बारीक असतो की तो ठोकलेली माती कापत जातो, म्हणून त्याला काँक्रीटचे बूड आवश्यक. त्याचे खालचे टोक चिरून दोन्ही बाजूंस वाकवावे किंवा आडवा तुकडा वेल्ड करावा, म्हणजे तो काँक्रीटमधून उपटून येत नाही. भुसभुशीत वाळूच्या जमिनीत, कोपऱ्यांना व फाटकाला काँक्रीट योग्यच. मधल्या खांबांस १:३:६ आणि कोपऱ्यांस १:२:४ असे प्रमाण पुरते. फूट चौरस व दोन फूट खोल असे सुमारे चार खड्डे पहिल्या प्रमाणाने एका पोत्यात भरतात. पाणी बेताचे घालावे, माल सळईने कोचून बसवावा, माथा जमिनीच्या किंचित वर काढून चारी बाजूंस उतरता करावा, आणि निदान सात दिवस ओले गोणपाट गुंडाळून पाणी मारावे. खड्ड्यात कोरडा माल ओतून वरून बादलीभर पाणी सोडण्याचा जो शिरस्ता काही ठिकाणी पडला आहे तो पैसे मातीत घालण्याचा आहे. दोन आठवडे तार ताणू नये. जमिनीच्या पातळीवर, म्हणजे वीतभर वर व वीतभर खाली, अँगलला रेड ऑक्साइड व त्यावर डांबराचा हात द्यावा. गंज लागतो तो तेथेच.

लाकडी खांबाला काँक्रीट घालण्याच्या मी विरुद्ध आहे. लाकूड वाळले की आकसते, काँक्रीट आकसत नाही. मध्ये फट पडते, तीत पाणी उभे राहते, आणि खांब आतून कुजतो. कुजण्यास ओल आणि हवा दोन्ही लागतात, म्हणून खांब टोकाशी कुजत नाही व बहुधा बुडाशीही नाही, तो जमिनीच्या सपाटीवर व तिच्या खालच्या वीतभर भागात कुजतो. जुना खांब उपटून पाहिल्यास बूड पुष्कळदा धड सापडते. खैर, साग, अंजन यांच्या गाभ्याचे लाकूड टिकते, पण त्याच झाडांचा बाहेरचा पांढरा भाग लवकर जातो, आणि कोवळ्या फांदीत तर सगळा पांढराच भाग असतो. तेव्हा सागाचा खांब म्हणून विकला जाणारा प्रत्येक दांडका सागाच्या लौकिकास पात्र असतोच असे नाही. साल पूर्ण काढावी, कारण तिच्याखाली वाळवी आश्रय घेते. खांब दोन-तीन महिने सावलीत वाळवून मगच डांबर लावावे. ओल्या लाकडाला डांबर लावले की ओल आत कोंडते व तेच नासाचे कारण होते. बूड विस्तवात करपवून रोवण्याची चाल जुनी असली तरी तिचा उपयोग फारसा होत नाही: कोळशाला वाळवी व बुरशी शिवत नाही हे खरे, पण करपलेल्या थराला तडे जातात आणि आतील लाकूड उघडे पडते. बांबू मात्र काहीही केले तरी जमिनीत दोन-तीन वर्षांचाच सोबती.

राहिले कोपरे. नाशिककडील किंवा तासगावकडील द्राक्षबागाईतदारास विचारावे, म्हणजे मांडवाचा सारा भार शेवटी कडेच्या खांबांवर कसा येतो हे तो सांगेल. तो त्यांना बाहेरून ताण देऊन जमिनीत पुरलेल्या दगडाला बांधतो. कुंपणाच्या बाहेर शेजाऱ्याचे रान असल्यामुळे आपल्याला ही सोय नसते, म्हणून आतून टेकू द्यावा लागतो, आणि तो तारेच्या रेषेतच हवा. कोपऱ्याला दोन बाजूंच्या तारा येत असल्यामुळे टेकूही दोन. टेकूचे वरचे टोक खांबाच्या जमिनीवरील उंचीच्या दोन-तृतीयांशावर बसवावे आणि खालचे टोक खांबापासून निदान तेवढ्याच, शक्य तर त्याहून अधिक अंतरावर, न खणलेल्या मातीला टेकवलेल्या सपाट दगडावर ठेवावे. टेकू फार उभा दिला तर तो खांबाला अडवण्याऐवजी तरफेने वर उचलतो. उपटून आलेले कोपरे मी पाहिले आहेत ते बहुधा या कारणाने. याहून बळकट रचना पाहिजे असेल तर कोपऱ्यापासून आठ फुटांवर तसाच जाड दुसरा खांब रोवून दोहोंच्या माथ्यांजवळ आडवे लाकूड बसवावे, आणि कोपऱ्याच्या खांबाच्या बुडापासून दुसऱ्याच्या माथ्यापर्यंत तिरपी दुहेरी तार घेऊन तिला दांडक्याने पीळ द्यावा. ही तिरपी तार उलट दिशेने, म्हणजे कोपऱ्याच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या बुडाकडे बांधलेली इतक्या ठिकाणी दिसते की, सावधगिरीची सूचना देणे भाग आहे; तशी बांधली तर तिचा काडीचाही उपयोग नाही, उलट ती कोपऱ्याचा माथा तारांबरोबर आतच खेचते.

फाटकाचा खांब हा कोपऱ्याचाच थोरला भाऊ, कारण त्याच्यावर ओढ रात्रंदिवस एकाच दिशेने असते. येथे मागे सांगितलेले दोन आधार दगडांनी पक्के करावेत: ज्या बाजूस फाटक लटकते त्या बाजूस पृष्ठभागाखाली लगेच एक रुंद चपटा दगड खांबाला भिडवून उभा बसवावा, आणि विरुद्ध बाजूस अगदी तळाशी दुसरा. पूर्वी खळ्याच्या मधोमध तिवडा रोवताना, ज्याच्याभोवती बैलांची पात दिवसभर फिरायची, जाणते लोक बुडाशी दगड असेच आवळून बसवीत. फाटकाच्या दोन्ही खांबांची बुडे जमिनीखालून एका आडव्या काँक्रीटच्या पट्टीने जोडली तर खांब एकमेकांकडे कलण्याचा प्रश्नच उरत नाही.

ओढा किंवा घळ ओलांडणाऱ्या कुंपणात खोलगट जागेतील खांब तार वर उचलते, आणि पावसाळ्यात मऊ झालेल्या जमिनीतून तो अलगद बाहेर येतो. अशा खांबाच्या बुडाला जाड तारेने मोठा धोंडा बांधून तो त्याच खड्ड्यात पुरावा, किंवा तार दोन्ही काठांच्या खांबांवर संपवून मधला भाग स्वतंत्र बांधावा. पुराच्या पाण्याबरोबर तो तुकडा गेला तरी बाकीचे कुंपण वाचते.

पहिला पावसाळा संपताच सबंध रांगेतून एक फेरी मारावी, प्रत्येक खांब हलवून पाहावा, फटी पडल्या असतील तेथे वापशावर मुरूम घालून पुन्हा ठोकावे, आणि बुडाशी खळगा झाला असेल तर तो भरून उतार करावा. काळ्या जमिनीत ही फेरी दरवर्षीची समजावी. बांधावरचे गवत पेटवून देण्याची सवय सोडावी. त्या जाळाने लाकूड करपते, आणि तारेवरील जस्ताचा थर खराब होऊन ती पुढच्या पावसात गंजू लागते. ठिबकची नळी खांबाला गुंडाळून नेऊ नये.

जे वाचक वखारीतून हिरवट छटा असलेले, औषध मुरवलेले खांब घेतील त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगावयाची राहिली. १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी तांबे, क्रोमियम व सोमल यांच्या क्षारांचे मिश्रण लाकडात मुरवण्याची जी रीत शोधली आणि जी पुढे जगभर पसरली, तिच्यातलेच हे खांब असू शकतात. ते जमिनीत अनेक वर्षे टिकतात, परंतु कापताना उडणारा भुसा नाकातोंडात जाऊ देऊ नये, कापलेले तोंड जमिनीत न जाता वर राहील असे पाहावे, आणि खांब मोडल्यावर त्याचे तुकडे चुलीत किंवा बंबात घालू नयेत. सोमल जळून नाहीसा होत नाही. त्यातला काही धुरात जातो व काही राखेत राहतो, आणि आपल्याकडे राख भांड्यांनाही जाते व भाजीच्या वाफ्यातही.